चढता चढेना

जांघेचा स्नायू कसा ताणला गेला ते सोडा. फुटबॉल, धावता धावता अचानक वळणं, कळ, संपलं. त्याला तीन आठवडे झाले. खरी गोष्ट आज सकाळची, कपडे बदलायच्या खोलीतली.

फिजिओने सुचवलेली तंग चड्डी ('कॉम्प्रेशन शॉर्ट्स' म्हटलं की जरा इभ्रत राहते) मी पहिल्यांदाच चढवत होतो. तिला आतून तिरप्या लवचिक पट्ट्या असतात. त्या मांडीच्या आतल्या स्नायूंना धरून ठेवतात, ओटीपोटाच्या खाली सगळं आवळतात. छान. पण चढवायची कशी? एक पाय उचला, गुडघा बाहेर फाकवा, कंबर हलवत खेचा. म्हणजे जे जे करू नका म्हणून फिजिओने बजावलं होतं, ते सगळं चड्डी घालता घालताच उरकतं! ही बनवणाऱ्याची जांघ आयुष्यात कधी दुखली नसणार.

गुडघ्यांच्या चार बोटं वर ती अडकली. वर जाईना, खाली येईना. मी पेंग्विनसारखा उभा. समोरच्या बाकावर एक अनोळखी काका बुटाच्या नाड्या सोडत होते. त्यांनी मान वर केली.

"हर्निया का?"

"नाही हो. जांघ."

"जांघ म्हणजे नेमकं कुठे?"

दोन्ही हात चड्डीत गुंतलेले, आणि मोकळे असते तरी बोट कुठे दाखवणार? "मांडीच्या वर. आतल्या बाजूला."

"म्हणजे तिथे."

"तिथे नाही, तिथल्या शेजारी."

"शेजारी म्हणजे तिथेच की!" आणि पलीकडच्या बाकावरच्या चौघांकडे वळून, मोठ्याने, "याला तिथे दुखतंय!"

चौघांनीही पाहिलं. नीट पाहिलं. एकाने तर हळहळून "च्‌ च्‌" केलं. त्यानंतर काकांनी मला आडवं पडायला, पावडर लावायला आणि श्वास सोडून खेचायला सांगितलं. वर, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दुखलं की लंगडायचो."

आता काकांना तरी किती बोल लावायचा? याच दुखण्याला म्हणायचं काय, एवढं ठरवायला तज्ज्ञांना 2014 साली कतारमधल्या दोहा शहरात जमावं लागलं होतं. तोवर ज्याच्या तोंडी जे येईल ते नाव. त्यांनी 'स्पोर्ट्स हर्निया' हा शब्दच वापरू नका म्हणून सांगितलं. ते अजून बाकापर्यंत पोचलेलं नाही.

चड्डी शेवटी चढली. घातली की कळ कमी जाणवते, हे कबूल. पण तिने स्नायू बरा होत नाही. त्याला ताकदच कमवावी लागते, हे मला आधी कोणी धडपणे सांगितलं नाही. आधी चड्डी गळ्यात मारली, मग व्यायामाचा कागद. त्यात एक कोपनहेगनच्या नावाचा व्यायाम आहे. कुशीवर आडवं व्हायचं, वरचा पाय दुसऱ्याने धरायचा आणि त्या पायाच्या जोरावर अंग उचलायचं. नॉर्वेतल्या फुटबॉलपटूंना त्याचा चांगला उपयोग झाला म्हणतात. होईल मलाही. फक्त पाय धरायला कोणीतरी लागतं.

हे मी काकांसमोर मोठ्याने वाचायला नको होतं. त्यांनी बूट बाजूला ठेवले आणि बाह्या सरसावल्या.