ढकलणं आणि डोकं फोडणं एकाच रकान्यात?

घरातल्या मारहाणीवर नुकताच एक लेख वाचला. 'बायकाही नवऱ्यांइतकाच हात उचलतात' हे त्यातलं वाक्य हवेतलं नाही, पण अर्धंच आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन आर्चर यांनी २००० साली जोडीदारांमधल्या मारहाणीच्या अनेक पाहण्या एकत्र करून तपासल्या. हात उचलण्यात बायका किंचित पुढे निघाल्या, पण जखमी झालेल्यांत ६२ टक्के बायकाच होत्या. लेखकाने पहिला भाग घेतला, दुसरा गाळला.

गोम मोजपट्टीत आहे. अशा बहुतेक पाहण्यांत वापरलेल्या, समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांच्या १९७९च्या प्रश्नावलीत फक्त कृती मोजतात: ढकललं का, थापड मारली का. लागलं किती, नंतर घाबरून कोण राहिलं, हे त्यात नव्हतंच.

मी अपघात विभागात परिचारिका आहे. 'न्हाणीघरात पाय घसरला' म्हणणाऱ्या बाईच्या कोपराखाली, बाहेरच्या बाजूला वळ दिसतो. डोकं वाचवायला हात आडवा घातला की तो तिथेच उमटतो. पुरुषही येतात हं. एकाच्या कपाळाला खोक, सोबत बायको. विचारलं तर म्हणे, 'फळीवरून लाटणं पडलं.' टाके होईपर्यंत दोघंही भिंतीकडे बघत होते. नंतर आमच्याकडे त्याची दोन दिवस टिंगल चालली, मीही हसले. आता लाज वाटते.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या २९ टक्के विवाहितांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. तो लाटणंवाला मात्र त्या आकड्यात कुठेच नाही, कारण हे प्रश्न फक्त बायकांनाच विचारले होते.