महिना चार आठवड्यांचा नसतो

चौदा वर्षं आमच्या घरातलं वाणसामान, भाजी, दूध सगळं बायकोने सांभाळलं. महिन्याच्या सुरुवातीला मी एक ठरलेली रक्कम तिच्या हातात द्यायचो आणि महिनाअखेरीला हमखास एक प्रश्न विचारायचो, "संपले इतक्यात?" गेल्या वर्षी तिचा उजवा हात मोडला. आधी प्लास्टर, मग व्यायाम, असे तीन महिने स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. रक्कम तीच होती. पहिल्या महिन्यात ती बावीस तारखेला संपली.

त्यानंतर जे कळत गेलं ते सविस्तर लिहितोय. हा प्रश्न अजून कितीतरी घरांत दर महिन्याला विचारला जातो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने कधी पिशवी उचललेली नसते.

पहिला राग भाववाढीवर निघाला. तो खोटाही नव्हता, भाव वाढलेच होते. पण ते बायकोसाठीही वाढले होते आणि तिने कधी बावीस तारखेला हात वर केले नव्हते. नशिबाने मी सगळ्या पावत्या एका डब्यात टाकत गेलो होतो. त्या रात्री मुलं झोपल्यावर त्या जमिनीवर पसरल्या. महिन्याच्या मोठ्या खरेदीची एक लांब पावती होती, यादी करून आणलेली, तीत फारसं काही वावगं नव्हतं. बाकीच्या सतरा पावत्या वीतभरसुद्धा नव्हत्या. एखादा जिन्नस संपला म्हणून मी दुकानात गेलो होतो, त्या फेऱ्यांच्या. त्यांची बेरीज केली तर महिन्याच्या शंभरातले अडतीस तिकडे गेले होते. मग लाल पेन घेऊन प्रत्येक पावतीवर, ज्या वस्तूसाठी मी खरोखर घराबाहेर पडलो होतो तिच्याखाली रेघ मारली. रेघ मारलेल्या वस्तूंची बेरीज त्या अडतीसच्या निम्मीही भरली नाही.

म्हणजे मोठी खरेदी आपण डोळ्यांत तेल घालून करतो आणि पैसे जातात ते "दोनच वस्तू आणायच्यात" या फेऱ्यांमध्ये. त्या वेळी हातात यादी नसते, डोक्यात आकडा नसतो आणि पोटात बरेचदा भूक असते.

दुकानांची रचनाही याच क्षणासाठी केलेली असते. पूर्वी गिऱ्हाईक यादी सांगायचं आणि पलीकडचा माणूस वस्तू काढून द्यायचा. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला थेट फळ्यांमधून फिरू दिलं. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची गाडी आणली. हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मला हे वाचल्यावर आमच्या घरापुरता एक नियम सापडला. महिन्याची मोठी खरेदी सोडली तर गाडीला हात लावायचा नाही. हातातल्या टोपलीने दंड भरून आला की खरेदी संपली. शिवाय आठवड्यात एकच फेरी. मधे काही संपलं तर त्या वस्तूशिवाय तीन-चार दिवस काढता येतात का ते आधी बघायचं. बहुतेक वेळा येतात.

दुसऱ्या महिन्यात मी जास्त शहाणपणाने सुरुवात केली. रकमेचे चार समान भाग केले, चार पाकिटं केली, दर आठवड्याला एक. एकदाही पाकीट वेळेआधी संपू दिलं नाही, आणि तरीही अठ्ठावीस तारखेला चौथं पाकीट रिकामं झालं, पुढे तीन दिवस शिल्लक. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशवीसाठी मुलीच्या गल्ल्यातले पैसे घ्यावे लागले. तिने काही विचारलं नाही, गल्ला माझ्यापुढे ठेवला आणि दप्तर भरायला गेली.

चूक कुठे झाली ते कॅलेंडर बघून कळलं. महिना चार आठवड्यांचा नसतोच, फेब्रुवारी सोडला तर. वर्षात आठवडे बावन्न, आणि महिन्याला चार धरले तर होतात अठ्ठेचाळीस. उरलेले चार आठवडे घर जेवतं, पण त्यांच्या नावाने एक पैसा बाजूला काढलेला नसतो. वर्षातले चार, कधी पाच महिने असे येतात की त्यांत पाच शनिवार असतात. आमची खरेदी शनिवारची, त्यामुळे नेमक्या त्याच महिन्यांत उसनवारी व्हायची आणि "या महिन्यात काय झालं कोण जाणे" असं आम्ही म्हणायचो. आता पद्धत बदलली. महिन्याच्या मोठ्या खरेदीचे पैसे आधी वेगळे काढायचे. उरलेल्या रकमेला त्या महिन्याच्या दिवसांनी भागायचं आणि एका वेळी सात दिवसांचे पैसे पाकिटात घालायचे. एकतीस दिवसांच्या महिन्यात या उरलेल्या रकमेच्या शंभरातून आठवड्याला पंचवीसऐवजी बावीस-तेवीसच मिळतात. आठवड्याला दोन-अडीच कमी पडल्याचं जाणवतं, पण शेवटचे तीन दिवस निभतात.

वजनाकडे बघायची सवय मला सगळ्यात उशिरा लागली. आपण किंमत लक्षात ठेवतो, वजन ठेवत नाही. ५०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत, त्याच रंगात ४५० ग्रॅमचं झालं तर वजन घटलं दहा टक्के, पण भाव वाढला अकरा टक्क्यांहून थोडा जास्त. घरातल्याला काय जाणवतं? डबा पूर्वीसारखा गळ्यापर्यंत भरत नाही आणि पाकीट दोन-तीन दिवस आधी संपतं. मग आपणच एकमेकांना विचारतो, जास्त वापरलं का रे? आता मी फोनवर किंमत भागिले वजन करून बघतो. कित्येकदा मोठं पाकीट महाग निघतं. सवलतीही तशाच तपासाव्या लागतात. '२५ टक्के जादा मोफत' म्हणजे भावात २० टक्क्यांची सूट. 'दुसऱ्या नगावर निम्मी किंमत' म्हणजे नगामागे २५ टक्के, तेही दोन नग खरंच लागत असतील तर. टिकणाऱ्या आणि रोज लागणाऱ्या वस्तूवर सूट असेल तर जरूर घ्यावी. नाशवंत वस्तू सूट आहे म्हणून घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

त्याचं कारण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात होतं. तिसऱ्या महिन्यात खरेदीला जाण्याआधी मी तो पूर्ण रिकामा केला. तळाशी पालेभाजीची एक जुडी पिशवीतच पाणी झाली होती. तिच्याबरोबर दोन अर्धी कापलेली फळं, काळी पडलेली. वरच्या फडताळात एकाच डाळीची तीन पाकिटं, तिन्ही फोडलेली, तिन्हींना रबरबँड. प्रत्येक वेळी आधीचं पाकीट मागे सरकलेलं, म्हणून नवं आणलेलं. ती जुडी उचलताना हाताला गार, चिकट पाणी लागलं आणि मनात आलं, परवाच मी बायकोला दूध कमी वापर म्हणालो होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचू शकणाऱ्या अन्नाचा हा जवळपास १९ टक्के भाग, आणि त्यातली सुमारे ६० टक्के नासाडी घराघरांतली. आकडा जगाचा आहे, पण तो घरात आणून बघा. आणलेल्या पाच वाट्यांपैकी एक फेकला तर उरलेले चार वाटे आपण पाचाच्या किमतीला खाल्ले, म्हणजे पंचवीस टक्के महाग. एवढी भाववाढ झाली असती तर आपण कुरकुर करून घर डोक्यावर घेतलं असतं.

म्हणून आमच्याकडे यादी आता कागदावर सुरू होत नाही. शुक्रवारी रात्री फ्रिज आणि फडताळ उघडायचं, आधी काय संपवायला हवं ते बघायचं, त्यावर पुढच्या दोन-तीन दिवसांचा स्वयंपाक ठरवायचा आणि त्याला जे कमी पडेल तेवढंच लिहायचं. नवं सामान मागे, जुनं पुढे. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि फ्रिज पाच अंशांच्या खाली. ही जागतिक आरोग्य संघटनेची साधी सूचना आहे आणि ती पाळल्यावर उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे वापरता येतं. पाकिटावरच्या तारखाही नीट वाचायला लागलो. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि दर्जाची तारीख असते, ती उलटली म्हणून बंद पाकिटातलं कोरडं सामान लगेच टाकायचं कारण नाही. 'यूज बाय' मात्र सुरक्षिततेची तारीख आहे. तिथे काटकसर करू नये.

इथवरचं सगळं हिशेबाचं झालं. पण लिहायला बसलो ते एका वेगळ्याच गोष्टीमुळे.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळ्यांना दूध ओतत होतो. बायको म्हणाली, "मला नको, मी शेवटच्या आठवड्यात घेत नाही." मला वाटलं, डॉक्टरांनी काही सांगितलंय. विचारलं तर म्हणाली, "नाही रे, सवय झालीये. तेवढ्यात मुलांचं भागतं." किती वर्षांची सवय? तिने आठवायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, धाकटी झाल्यापासून. धाकटी दहा वर्षांची आहे.

म्हणजे दहा वर्षं माझी रक्कम पुरत होती ती अशी. ज्या हिशेबाचा मला अभिमान वाटायचा तो तिच्या पेल्यातून भरून निघत होता. आणि मी महिनाअखेरीला विचारत होतो, संपले इतक्यात?

घरभाडं, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, विजेचं बिल या सगळ्यांना तारीख असते, न भरल्यास दंड असतो. किराण्याला कोणी नोटीस पाठवत नाही. त्यामुळे कुठेही ओढाताण झाली की कात्री तिथेच लागते, आणि शेवटी ती कात्री स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या ताटाला लागते, कारण ती सगळ्यात शेवटी वाढून घेते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच मांडलं होतं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. हा वाटा मोठा दिसतो म्हणून आपण तोच कापायला जातो. पण तो मोठा असतो कारण पोटाला एक किमान लागतंच, त्याखाली जाता येत नाही. कोणीतरी खाली जातंय आणि आपल्याला दिसत नाही, एवढंच होतं.

माझं म्हणणं असं की किराण्याची रक्कम कमावणाऱ्याने एकट्याने ठरवूच नये. जो खरेदी करतो आणि रांधतो, त्याच्यासोबत बसून, निदान दोन महिन्यांच्या पावत्या समोर ठेवून ती ठरवावी. आणि ठरली की घरात सगळ्यांना माहीत असावी, मुलांनासुद्धा. मुलं घाबरतील असं मला वाटायचं. आमच्या फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर या आठवड्याची शिल्लक लिहिलेली असते. मुलगी स्वतः तिथे जाऊन बघते आणि "हे पुढच्या आठवड्यात घेऊ" असं आपणहून म्हणते. तिला आता नकार ऐकावा लागत नाही, ती स्वतः ठरवते. यात मला फार मोठा फरक दिसतो.

आम्ही रक्कम थोडी वाढवली. ती माझ्या वरखर्चातून आली, दुसरीकडून येणं शक्य नव्हतं. बायकोचा हात आता बरा आहे. शनिवारची खरेदी मी माझ्याकडेच ठेवली, यादी दोघं मिळून करतो. वाढताना पाचवं ताट, म्हणजे बायकोचं, माझ्या आईच्या आणि मुलांच्या ताटांबरोबरच भरायचं, हे ठरलंय. तिला पहिले काही दिवस ते अवघड गेलं. भांडं रिकामं व्हायच्या आधी स्वतःला वाढून घ्यायचा तिचा हातच होत नव्हता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मुलगा चौदा वर्षांचा झालाय आणि त्याची भूक दर महिन्याला वाढतेय. नासाडी जवळजवळ थांबली, फेऱ्या थांबल्या, आता तिथून काढण्यासारखं फार उरलेलं नाही. पुढच्या महिन्यात पाच शनिवार आहेत. ज्यांच्या घरात या वयाची मुलं आहेत त्यांनी हे कसं बसवलं ते खाली जरूर लिहा, मी प्रत्येक उत्तर बायकोसोबत बसून वाचणार आहे.