लॉकेट इंग्रजांचं, मग लोलक कुणाचा?

संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून आमच्या नागपूरच्या माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा धाकट्या मामींनी पाठवला, खाली हात जोडलेले. म्हणणं असं: गळ्यात पेंडंट लोंबवणं हे इंग्रजांचं खूळ, आपल्याकडे अनादि काळापासून फक्त मंगळसूत्र. गेलेल्या माणसाची आठवण गळ्यात बाळगणं अशुभ. पुरुषांनी घातलं तर बायकीपणा. मंगळसूत्राच्या वाट्यांनी रक्तदाब ताब्यात राहतो, पेंडंटनं बिघडतो. आणि पेंडंट म्हणजे पैसे पाण्यात. मामी, तुम्हाला उलट बोलायची आपल्या घरी रीत नाही, पण एवढं ऐकून घ्या.

‘पेंडंट’, ‘लॉकेट’ हे शब्द इंग्रजांचे, कबूल. वस्तू त्यांची नाही. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, हाराच्या मधल्या रत्नाला ‘तरल’ म्हटलंय, म्हणजे हलणारं. पेंडंटला आपण लोलक म्हणतो, तोही हलतो म्हणूनच लोलक. ऋग्वेदातला रुद्र गळ्यात निष्क, म्हणजे सोन्याचा दागिना, घालतो. मोहेंजोदडोच्या एका हाराला खाली अगेट-जास्पर या रंगीत दगडांचे लोलक आहेत. फाळणीत तो हारसुद्धा वाटला गेला. आपला अर्धा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण इतकं लांब काहून जायचं? काटोल रोडनं नागपूरजवळच्या माहुरझरीला जा. तिथे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, आणि रंगीत दगडांचे मणी घडवण्याचं ते जुनं ठाणं. दगड फोडायचा, घासून गोल करायचा, मग दोन्ही अंगांनी भोक पाडत दोन्ही भोकं मधोमध जुळवायची. हात केसभर चुकला की सगळी मेहनत दोन तुकड्यांत. मणी म्हणजे लोलक नव्हे, हे खरं; पण भोक पाडून गळ्यात अडकवायची हौस इथे कुणी गोऱ्या साहेबानं शिकवलेली नाही. साहेबानं नागपुरातून दागिने नेले मात्र. १८५३ मध्ये तिसरे रघुजीराजे वारले, राज्य खालसा झालं आणि भोसल्यांचं जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात निघालं.

‘फक्त मंगळसूत्र’ हेही टिकत नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी नोंदवून ठेवलंय की लग्नाचे विधी सांगणारे जुने सूत्रग्रंथ मंगळसूत्राबद्दल गप्प आहेत. उल्लेख येतात ते नंतरच्या स्मृतींत. आणि वाट्या तरी काय आहेत, मामी? दोन लोलकच. तन्मणीचं खोड काय, साजाची पानं काय, सगळी लोंबतातच.

आठवण अशुभ, हे मात्र मला लागलं. तुमच्या सासूबाई, माझी आजी, आजोबांची दुसरी बायको. तिच्या काळ्या पोतीत नखाएवढा चांदीचा टाक, म्हणजे ठोकून उठवलेल्या मूर्तीचा पत्रा, होता, त्यावर ठोकलेली एक बाई. नाकडोळे झिजून सपाट झालेले. ती तिची वारलेली सवत. सणाला पुरण आधी टाकाला लागायचं, मग आजीच्या तोंडी जायचं. ही कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘माही मोठी बहीण हाय.’ गेलेलीचा कोप होऊ नये ही भीतीही त्यात असणारच, मी काही रंगवून सांगत नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं १८६१ मध्ये नवरा गेल्यावर त्याचे केस लॉकेटात जपले. मला विचाराल तर राणीपेक्षा आजीचं काम अवघड होतं.

पुरुषांचं थोडक्यात सांगते. रोमन मुलगे मोठे होईपर्यंत गळ्यात ताईत घालत. आपल्याकडे पोरांना वाघनख, पैलवानाला ताईत, लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग. बायकी कोण यातलं?

गळ्यातल्या दागिन्यावर खरा आक्षेप बाबासाहेबांनी घेतला होता, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे-चांदीचे दागिने ही अस्पृश्य म्हणून तुम्हाला ओळखायची खूण झाली आहे, ती टाकून द्या, असं त्यांनी बायकांना सांगितलं. आज धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीबाहेर बुद्धाची, अशोकचक्राची, खुद्द बाबासाहेबांची लॉकेटं मांडलेली असतात. तीही खूणच, पण घालणाऱ्यानं स्वतः निवडलेली. तुमच्या मेसेजला हा फरक कळलेलाच नाही.

रक्तदाबाचं दोन ओळींत. सोनं घामात विरघळत नाही, म्हणून तर ते काळं पडत नाही. आत काही जातच नाही, तर दाब काय राखणार? तुमची गोळी चालू ठेवा.

पैशाचा मुद्दा निम्मा खरा आहे, मीही हात पोळून घेतलाय. लाल खड्यांचं पेंडंट मोडायला नेलं, तर सोनारानं चिमट्यानं एकेक खडा उचकटून वाटीत टाकला. आतून भरलेली चिकट लाख निघाली, ती वेगळी. काट्यावर उरलं ते पावतीवरच्या वजनापेक्षा बरंच कमी, आणि घडणावळ तर गेलीच. पण हे जडावाच्या कुठल्याही दागिन्याचं होतं, त्यात पेंडंटचा काय गुन्हा? घेताना हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक बघा आणि खड्यांचं वजन पावतीवर वेगळं लिहून घ्या. वरच्या कडीवर बोट फिरवा. साखळी घासून घासून ती आतून झिजते, आणि एक दिवस पेंडंट बाजारात कुठंतरी गळून पडतं.

आजीचा टाक तुमच्याच कपाटात आहे ना? त्याचीही कडी तारेएवढी उरली होती. शनिवारी येते मी, इतवारीतल्या सोनाराकडे नेऊन कडीला डाग देऊन सांधून आणू.