तळणीच्या तेलाचा हिशेब

‘पाकिटांवर पैसे उधळू नका’ असे बजावणारा एक संदेश सध्या सांगलीत घरोघरी फिरतो आहे. घरची चकली आणि भडंग विकतच्या चौथ्या हिश्शात पडतात, असा त्याचा दावा आहे. तो वाचून आमच्या मावशीने दिवाळीच्या तळणीचे उरलेले तेल बरणीत भरून ठेवले, म्हणून हा खटाटोप.

संदेशात १० रुपयांच्या २५ ग्रॅमच्या पाकिटावरून चकलीचा भाव किलोला ४०० रुपये काढला आहे. किलोभर चकली हवी असलेला माणूस ४० पाकिटे फोडत बसत नाही. तुलना करायची तर ती कोपऱ्यावरच्या सुट्या चकलीशी करावी. संदेशात त्या ४०० रुपयांवर पुन्हा १२ टक्के जीएसटी चढवला आहे. छापील किमतीत कर धरलेलाच असतो, आणि पाकीटबंद नमकीनवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे.

खरा घात तेलाच्या मुद्द्यात आहे. ‘तळणीचे तेल गाळून ठेवावे, कमी झाले की ताजे ओतावे, महिनोन्‌महिने चालते,’ असे सांगून तेलाचा खर्च जवळजवळ शून्य धरला आहे. चकलीचे तीळ सुटून कढईच्या तळाशी जळतात, पीठ करपते, घाण्यागणिक तेल काळवंडत जाते. गाळल्याने गाळ जातो, तेलात झालेला बिघाड जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार, वारंवार तापवल्याने तयार होणारी ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यास वापरता येत नाही. ‘दुकानदार तरी काय वेगळे करतात?’ असे संदेशकर्ता विचारतो. काही करत असतीलही, पण दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. आपल्या बरणीची नोंद कोण ठेवतो? एकदा तळलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजी-आमटीला संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये, हाच प्राधिकरणाचा सल्ला आहे. तसे केले की दोन दिवसांत भाजी-आमटीत न संपणारे कढईतले बरेचसे तेल चकलीच्याच खर्चात मोडते आणि चौथ्या हिश्शाची गोष्ट तिथेच संपते.

मजुरीचा तर उल्लेखच नाही. भाजणी धुवायची, वाळवायची, भाजायची, दळून आणायची, मग सोऱ्या दाबत बसायचे. हेच काम बचत गटात केले तर त्याच बाईला पैसे मिळतात.

भडंगापुरता दावा बराचसा खरा आहे, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट आणि फोडणीपुरते तेल एवढ्यावर डबा भरतो आणि तळणीचा प्रश्नच येत नाही. वर घालायची शेव मात्र विकतची आणावी. वाटीभर शेवेसाठी कढईभर तेल तापवणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.