रॉकेटला रेटायला हवा लागत नाही

‘रॉकेट हवेला मागे ढकलते म्हणून पुढे जाते, अवकाशात हवाच नाही, तेव्हा तिथे रॉकेट चालणे अशक्य आहे,’ असा एक दावा वारंवार फिरत असतो. त्याच्या पुष्ट्यर्थ आणखी तीन मुद्दे दिले जातात: निर्वातात वायू विनाविरोध पसरतो, त्यामुळे तो बल लावू शकत नाही, क्रियाबल व प्रतिक्रियाबल समान आणि विरुद्ध असल्याने त्यांची बेरीज शून्य होते, आणि ऑक्सिजन नसताना इंधन जळत नाही. सगळे मुद्दे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत असल्याने खरे वाटतात, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

पहिला मुद्दा हवेचा. चाकांच्या खुर्चीत बसून, पाय जमिनीवरून उचलून, मांडीवरची जड पिशवी जोराने समोर फेकली तर खुर्ची मागे सरकते. ती नेमकी केव्हा सरकते हे पाहण्यासारखे आहे: हात पिशवीला रेटत असतात त्याच क्षणी. पिशवी समोरच्या भिंतीवर आदळेपर्यंत खुर्ची थांबून राहत नाही. रॉकेटही हेच करते, फक्त पिशवीच्या जागी तप्त वायू असतो. ही चूक भल्याभल्यांनी केली आहे. 1920 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीयातून रॉबर्ट गोडार्ड या संशोधकाची, शाळेत शिकवले जाणारे विज्ञानही त्याला ठाऊक नाही, अशी टर उडवली होती, अपोलो 11 चंद्राकडे झेपावल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 17 जुलै 1969 रोजी, त्याच वृत्तपत्राने चुकीबद्दल खेद व्यक्त केला.

उलट हवा ही अडचणच ठरते. अमेरिकेच्या स्पेस शटल या अवकाशयानाच्या एका मुख्य इंजिनाचा रेटा समुद्रसपाटीला सुमारे 18.6 लाख न्यूटन, तर निर्वातात सुमारे 22.8 लाख न्यूटन होता. हा फरक कागदावर पडताळता येतो. नॉझलच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळकांड्याच्या, तोंडाचा व्यास साधारण 2.3 मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 4.15 चौरस मीटर. त्याला वातावरणाच्या दाबाने, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 1,01,000 न्यूटनने गुणले की साधारण 4.2 लाख न्यूटन येतात. बाहेरची हवा रेट्यातून जेवढे बल हिरावून घेते, ते हेच.

दुसरा मुद्दा चारांत सर्वांत हुशारीचा आहे, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. निर्वातात मुक्तपणे पसरणारा वायू कार्य करत नाही, हे विधान योग्यच आहे. पण कार्य आणि बल या दोन वेगळ्या राशी आहेत. भिंतीला तासभर रेटत राहिले तरी, ती हलत नाही तोवर, तिच्यावर झालेले कार्य शून्यच असते. बल मात्र लागलेले असते. आता सर्व बाजूंनी बंद असलेला ज्वलनकक्ष डोळ्यांसमोर आणावा. आतला वायू प्रत्येक भिंतीला दाबतो आणि समोरासमोरची बले एकमेकांना रद्द करतात. मागच्या भिंतीला भोक पाडले की तेवढ्या तुकड्यावरचे बल नाहीसे होते, त्याच्या समोरच्या तुकड्यावरचे तसेच राहते आणि कक्ष पुढे ढकलला जातो. या सगळ्यात बाहेर काय आहे याचा संबंधच येत नाही. मुक्त प्रसरणाच्या प्रयोगातले पात्र (डावा कप्पा वायूने भरलेला, उजवा निर्वात, मधला पडदा काढला की वायू पसरतो) घर्षणरहित चाकांवर ठेवले, तर वायू उजवीकडे धावताना तेही डावीकडे सरकेल आणि वायू पलीकडच्या भिंतीवर आदळून स्थिरावला की थांबेल. रॉकेटला अशी पलीकडची भिंत नसते.

तिसऱ्या मुद्द्यात बेरीजच चुकली आहे. रॉकेट वायूला मागे रेटते ते बल वायूवर असते. वायू रॉकेटला पुढे रेटतो ते बल रॉकेटवर असते. रॉकेटचे त्वरण काढताना फक्त रॉकेटवरची बले मोजायची असतात; दोन वेगळ्या वस्तूंवरची बले एकत्र केली, तर जगात कोणालाही चालता येणार नाही, कारण पाय जमिनीला आणि जमीन पायाला सारख्याच बलाने रेटते. गुरुत्वाकर्षणासारखी बाहेरची बले बाजूला ठेवली, तर या बेरजेतले शून्य ‘रॉकेट आणि वायू मिळून’ एकूण संवेगात (वस्तुमान गुणिले वेग) होणाऱ्या बदलाचे असते, रॉकेटवरच्या बलाचे नव्हे.

चौथ्या मुद्द्याला लांबलचक उत्तराची गरज नाही: रॉकेट आपला ऑक्सिजन सोबत नेते. शटलच्या केशरी टाकीत सुमारे 106 टन द्रव हायड्रोजन होता आणि त्याच्या जवळजवळ सहापट, म्हणजे सुमारे 630 टन, द्रव ऑक्सिजन.