वीज वाचवली दिव्याने, श्रेय मात्र जोडणीला

पथदिवे ‘स्मार्ट’ केले की ८० टक्के वीज वाचते, बंद पडलेला दिवा यंत्रणेला आपोआप कळतो आणि खांबांवरील कॅमेऱ्यांमुळे रस्ते सुरक्षित होतात, हा दावा सध्या सर्वत्र फिरतो आहे. माझा मुख्य आक्षेप असा की दिवा बदलणे आणि दिवा दुरून नियंत्रण करणाऱ्या संगणकीय जाळ्याला जोडणे ही दोन वेगळी कामे असून या दाव्यात ती एकाच हिशेबात घातली आहेत.

आधी वीज पाहू. २५० वॅटचा सोडियम दिवा रात्रीचे १२ तास जळला, तर चोकमधील (दिव्याचा विद्युतप्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या भागातील) व्यय सोडूनही ३ युनिट लागतात. त्या जागी १२० वॅटचा एलईडी दिवा लावल्यास १.४४ युनिट पुरतात. म्हणजे ५२ टक्के बचत, आणि तीही कोणत्याही जोडणीविना. आता तो दिवा जाळ्याला जोडून रात्री १२ ते पहाटे ५ निम्म्या प्रकाशावर ठेवला, तर आणखी ०.३ युनिट, म्हणजे मूळ खर्चाच्या १० टक्के वाचते. (ठरलेल्या वेळी प्रकाश कमी करणारे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे भाग, जोडणीशिवायही मिळतात.) राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला आणि त्यात देशभर एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसले. जिथे ते आधीच लागले आहेत, तिथे नव्या जोडणीच्या बचतीची तुलना जुन्या सोडियम दिव्याशी करणे ही नागरिकांची सरळ दिशाभूल आहे.

बिघाड आपोआप कळण्याबाबत एवढेच विचारावे की नियंत्रक, म्हणजे दिव्यांची स्थिती यंत्रणेला कळवणारे उपकरण, नेमका कुठे बसवला आहे. तो फीडर पॅनेलवर, म्हणजे अनेक दिव्यांना एकत्र वीज देणाऱ्या पेटीत असेल, तर त्याला संपूर्ण वाहिनीचा प्रवाह दिसतो. चाळीस दिव्यांतला एक विझल्याने होणारी घट व्होल्टेजच्या रोजच्या चढउतारात सहज झाकून जाते. प्रत्येक दिव्यावर स्वतंत्र नियंत्रक असला, तर तो दिवा नक्की ओळखता येतो, हे मी मान्य करतो. मात्र जंक्शन बॉक्समध्ये शिरलेले पाणी काढायला आणि चोरीस गेलेली केबल पुन्हा टाकायला शिडीची गाडी व वायरमनच लागतात, आणि निविदेत त्यांची तरतूद नसेल तर पडद्यावरील सूचना तशीच पडून राहते.

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर अमेरिकेतील सॅन डिएगोचा अनुभव बोलका आहे. तिथे २०१६ मध्ये ऊर्जाबचत आणि वाहतुकीची माहिती यांसाठी मंजूर झालेल्या प्रकल्पातून कॅमेरे असलेले सुमारे ३,२०० पथदिवे उभे राहिले. २०१८ पासून पोलीस त्यांचे चित्रीकरण तपासासाठी वापरू लागले, अनेक रहिवाशांना हे नंतर समजले, विरोध वाढला आणि सप्टेंबर २०२० मध्ये महापौरांनी कॅमेरे बंद करण्याचा आदेश दिला. पाळत ठेवणाऱ्या तंत्रज्ञानावर देखरेखीचा नियम शहराने केला तो २०२२ मध्ये, म्हणजे कॅमेरे खांबांवर चढल्यानंतर कित्येक वर्षांनी.