२५२० चा 'चमत्कार' म्हणजे शाळेतला लसावि

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय, हात जोडलेल्या इमोजीसकट. म्हणे २५२० ही १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी एकमेव संख्या. अशी संख्या असूच शकत नाही असं जगभरचे गणितज्ञ समजत होते, ती रामानुजन यांनी शोधली. आणि रहस्य दडलंय हिंदू कालगणनेत, कारण ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०.

भाग जातो, हे खरं. बाकीचं बघू.

'एकमेव' तर दुप्पट केली की संपलं. ५०४० ला १ ते १० ने भाग जातो, ७५६० लाही जातो. एक लाखाच्या आत अशा ३९ संख्या आहेत. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे लसावि. कागद घ्या: ८ मध्ये २ आणि ४ आले, ९ मध्ये ३ आला, दोन्ही मिळून ६ ची सोय झाली. ५ घेतला की १० पण सुटला. उरला ७. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. चहाला उकळी येईपर्यंत होतं.

गणितज्ञांना ठाऊक नव्हतं? ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात 'लॉज' (Laws, म्हणजे कायदे) या ग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० घरधनी सुचवले, ते वाटण्या सोप्या पडाव्यात म्हणून. १ ते १० ने भाग जातो, हे त्याने लिहूनच ठेवलंय. लसावि काढायची रीत ग्रीक गणितज्ञ युक्लिडने दिली.

कालगणनेचं गणित तर गमतीचं आहे. ३० × १२ = ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. मग ७ ने गुणा, झालं काम! तो ७ वारांचा घ्या, सप्तर्षींचा घ्या नाहीतर सप्तसुरांचा, उत्तर २५२० च. ग्रंथांतल्या सावन वर्षाचे (तीस दिवसांचे बारा महिने) ३६० दिवस मान्य. पण आपले सणवार ज्यावर चालतात ते बारा चांद्रमास साधारण ३५४ दिवसांत आटोपतात, म्हणून तर अधिक मास लागतो.

राहिले रामानुजन. ते इथे खरोखरच आहेत, पण मेसेजवाल्याला त्याचा पत्ता नाही. केंब्रिजमध्ये असताना, १९१५ साली, त्यांनी 'हायली कॉम्पोझिट' संख्यांवर एक मोठा निबंध छापला. स्वतःहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जिला जास्त विभाजक, ती हायली कॉम्पोझिट. २५२० च्या मूळ अवयवांत २ तीनदा, ३ दोनदा, ५ आणि ७ एकेकदा. प्रत्येकात एक मिळवून गुणा: ४ × ३ × २ × २ = ४८ विभाजक. तिच्याआधीच्या कुठल्याच संख्येला ४० च्या वर नाहीत. तो ३, २, १, १ असा उतरता क्रमही योगायोग नव्हे. अशा प्रत्येक संख्येत हे आकडे कधी चढत नाहीत आणि शेवटचा १ च असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६. हे रामानुजन यांनी सिद्ध केलं, आणि फॉरवर्ड करायचंच तर हे करा ना!

शिवाय २५२० नंतरची प्रत्येक हायली कॉम्पोझिट संख्या २५२० च्या पाढ्यात येते. आपल्या पुढच्या सगळ्या हायली कॉम्पोझिट संख्यांना असा भाग जातो, अशा हायली कॉम्पोझिट संख्या सहाच: १, २, ६, १२, ६० आणि २५२०.